लीलँडची एक खेप

८ जानेवारी, सोमवार

नॉर्व्हल दिवसभरात जे शब्द बोलेल ते रोज लिहून ठेवायचे, असे जोलीनने बजावले, म्हणून ही वही. एरवी मला दैनंदिनीची हौस नाही. जोलीन ही बोलण्याचे व्यायाम शिकवायला घरी येणारी मुलगी. बुटांवरचा बर्फ न झटकता आत शिरते, पण काम चोख करते. "नुसते शब्द नकोत, मिसेस टोलेफसन," ती म्हणाली, "त्या वेळी काय चाललं होतं तेही लिहा. त्यावरूनच खरं कळतं."

नॉर्व्हल माझा नवरा. नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, त्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात गेला आणि बोलणे गेले. समजते सगळे, शब्द सापडत नाहीत.

आजचे शब्द: नाही, नाही, नाही. शेवटचा 'नाही' हॅमच्या सँडविचला होता. सँडविच त्याने पूर्ण खाल्ले. तेव्हा त्याच्या 'नाही'ला सध्या काही अर्थ नाही, अशी नोंद करते.

१० जानेवारी

काझिमिर व्रोबेल आणि एलरॉय हाउगेन आले. दोघे नॉर्व्हलचे तरुणपणापासूनचे मित्र. काझिमिर खाटीक, आता दुकान मुलाकडे दिले आहे. एलरॉय न्हावी, अजूनही रोज दुकान उघडतो.

"बूट," मी म्हटले.

"काढतोच आहे, मास्तरीणबाई." काझिमिरची तिन्ही मुले माझ्या हाताखाली गणितात कशीबशी पास झाली, तेव्हापासून मी त्याची मास्तरीणबाई. त्याने सॉसेजची माळ स्वयंपाकघरात टेबलावर ठेवली आणि नॉर्व्हलच्या समोर बसला. "काय रे, गिरणीवाल्या? आजारपणाचं सोंग करून हंगाम चुकवायचा बेत आहे का? हरशील म्हणून?"

नॉर्व्हल हसला. अर्ध्याच तोंडाने, पण हसला.

हंगाम म्हणजे त्यांचा फाशांचा बेसबॉल. १९५१ साली या गावात चार कारखान्यांचे चार संघ होते, आणि ही मंडळी त्यांत खेळली होती. पुढे केस पिकू लागल्यावर त्यांनी जुनी वर्तमानपत्रे काढून त्या उन्हाळ्यातल्या प्रत्येक खेळाडूचे एकेक कार्ड बनवले. फासे टाकायचे, जो आकडा येईल तो कार्डावर पाहायचा, आणि खेळाडूचे काय झाले ते कळते. दर हिवाळ्यात, नदी गोठली की, दर गुरुवारी ते तोच एक उन्हाळा पुन्हा खेळतात. वीस-बावीस वर्षे चालले आहे. प्रत्येकाकडे आपापला जुना संघ: नॉर्व्हलकडे कागदाच्या गिरणीचा, काझिमिरकडे खोक्यांच्या कारखान्याचा, एलरॉयकडे दूधवाल्यांचा. मी गुरुवारी दुपारी वाचनालयात जात असे.

"मुद्दा असा आहे," काझिमिर जाताना दारात म्हणाला, "की एक हिवाळा संघ टेबलावर आला नाही, तर तो बंद. कायमचा. आमचा नियमच आहे."

"आजारी माणसाला सूट नाही?"

"सूट दिली तर खेळ कसला? आणि दुसऱ्याला द्यायचा तर मालकानं स्वतः, टेबलावर, सगळ्यांसमोर, हातातून हातात द्यायचा. आमच्यातला चौथा, डीट्झ, खुर्चीत बसल्या बसल्या गेला, कुणाला काही दिलं नाही. आज त्याचा अख्खा संघ सुतळीनं बांधून त्याच्या बायकोच्या शिवणाच्या डब्यात आहे."

"मग मी काय करू, असं तुमचं म्हणणं आहे?"

"त्याच्या वतीनं फासे टाका. तो टेबलाशी असला म्हणजे झालं."

मी विचार करीन म्हटले. आत आले तर नॉर्व्हल दाराकडे बघत होता. त्याने ऐकले असणार.

शब्द: नाही (बऱ्याच वेळा). सॉसेज.

१२ जानेवारी

जोलीनला विचारले. ती म्हणाली, त्याला जे आवडत होते ते करा, शब्द त्याच्या मागोमाग येतात. म्हणजे हे औषध ठरले. काल खेळले.

माझ्या आईच्या घरात फासे म्हणजे पाप होते. नाताळच्या सापशिडीतले फासेसुद्धा ती काढून टाकी आणि आम्हाला चिठ्ठ्या उचलायला लावी. असो. दोन फासे, एक लाल आणि एक पांढरा. लाल दशकाचा, पांढरा एककाचा. लालवर दोन, पांढऱ्यावर पाच, म्हणजे पंचवीस. फासे नॉर्व्हलच्या चामडी पेल्यात घोळवायचे. खाली पडले तर ते धरायचे नाहीत.

मजा अशी की त्या कार्डांत ही माणसे स्वतःही आहेत. नॉर्व्हलचे कार्ड मी नीट वाचले. वाईट आहे. छत्तीस आकड्यांपैकी बहुतेकांवर बाद.

"प्रामाणिक माणूस," काझिमिर म्हणाला. "स्वतःचं कार्ड स्वतःच बनवलं, तरी बघा."

"आणि तू?" एलरॉय म्हणाला. तो दिवसातून दोन-तीन वाक्ये बोलतो, त्यांतले हे एक. "तुझं कार्ड बनवताना पेन्सिल फारच उदार होती."

"मी होतोच तसा. तू दूधवाल्यांकडून खेळायचास, तुला पळणाऱ्या गाईसुद्धा दिसल्या नाहीत."

आम्ही हरलो. नॉर्व्हल मात्र टेबलाशी ताठ बसून होता. डाव्या हाताने मला कार्डे काढून देत होता. नोव्हेंबरानंतर त्याला इतका वेळ जागे पाहिले नव्हते.

शब्द: बाद. बाद. दोन. सॉसेज. "नाही" मोजायचे मी सोडले आहे.

१९ जानेवारी

काल जिंकलो. गठ्ठ्याच्या तळाशी एका वेगळ्या पाकिटात लीलँडचे कार्ड सापडले. लीलँड म्हणजे नॉर्व्हलचा धाकटा भाऊ. पियानोवरच्या फोटोतला, कान मोठे, टोपी मागे सरकलेली. त्या उन्हाळ्याच्या अखेरीस तो गिरणीकडून थोडे दिवस खेळला, मग सैन्यात गेला आणि कोरियातून परत आला नाही. मी या गावात शिक्षिका म्हणून आले ती त्यानंतर, त्यामुळे मी त्याला पाहिलेले नाही. नॉर्व्हल त्याच्याबद्दल बोलत नसे आणि मी विचारत नसे. आमच्या घराण्यांत ती पद्धत नाही.

कार्ड उत्कृष्ट आहे. अर्थात, थोड्या खेपांवरून काढलेली सरासरी फसवी असते, हे मी तीस वर्षे फळ्यावर लिहिले. पण इथे कार्डावर जे लिहिले तेच खरे. तेव्हा त्याला खेळवणेच शहाणपणाचे. शिवाय भाऊ मैदानात उतरला तर नॉर्व्हलला आनंद होईल असे वाटले.

नॉर्व्हल "नाही, नाही" म्हणाला आणि डावा हात कार्डावर ठेवला. हात असा हल्ली कुठेही पडतो. मी तो उचलून त्याच्या मांडीवर ठेवला.

काझिमिरने एलरॉयकडे पाहिले. हरणार हे त्यांना दिसत असावे.

नियम एवढाच की, त्या उन्हाळ्यात खेळाडू जितक्या वेळा फलंदाजीला उतरला तितक्याच खेपा त्याला द्यायच्या. त्या संपल्या की कार्ड पाकिटात, पुढच्या हिवाळ्यापर्यंत. मी प्रत्येक खेपेला कार्डाच्या कडेला पेन्सिलीने टिंब देते.

२ फेब्रुवारी

काल लीलँडच्या खेपा संपल्या. त्याच्यामुळे आम्ही सलग जिंकलो, याबद्दल मला समाधान आहे. शेवटचे टिंब देऊन मी कार्ड पाकिटात घातले.

"झालं?" काझिमिरने विचारले. "मोजलं का नीट?"

"मी मोजलं आहे."

"मग झालंच. गणिताच्या बाईंचं मोजणं कोण तपासणार?" पण त्याने नेहमीसारखा टोमणा पुढे ओढला नाही.

नॉर्व्हलने रात्रीचे जेवण घेतले नाही. बटाट्याचे सूप त्याच्या आवडीचे, तरी नाही. औषध बदलल्याचा परिणाम असेल.

शब्द: एकही नाही.

६ फेब्रुवारी

पाचवा दिवस, शब्द नाही. जोलीन चित्रे दाखवते, तो खिडकीबाहेर बघतो. गोठलेल्या नदीवर मासे धरणाऱ्यांच्या झोपड्या दिसतात, तिकडे.

आज एलरॉय त्याचे केस कापायला आला. केस कापून झाले, मानेवरचे केस ब्रशने झटकले, आणि मग एलरॉय न विचारता स्वयंपाकघरात माझ्या मागे आला. तो न विचारता कुठे जात नाही.

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, ठाऊक असेल."

"काय?"

"तो लीलँडला राखून ठेवतो. शेवटच्या सामन्यापर्यंत. मधे कधीमधी एखादी खेप देतो, पण शेवटची कायम शेवटच्या सामन्यात. त्या वर्षी तसंच झालं होतं. शेवटचा डाव, नॉर्व्हलची खेप, आणि नॉर्व्हलनं आपली बॅट धाकट्याच्या हातात दिली. म्हणाला, तू जा. पोरगा दुसऱ्या दिवशी निघणार होता."

"आणि मग?"

"बाद झाला," एलरॉय म्हणाला. "पण मारला चांगला होता." त्याने टोपी कपाळावर ओढली. "दर हिवाळ्यात तो त्याला तिथपर्यंत आणतो. बाकी कोण जिंकलं, कोण हरलं, त्याला पर्वा नसते. आम्हालाही नसते. काझिमिरला असते."

तो गेल्यावर मी भांडी घासली. घासलेली होती ती पुन्हा घासली.

मग नॉर्व्हलपाशी जाऊन बसले आणि म्हटले, "मला माहीत नव्हतं. तू सांगत होतास, मी ऐकलं नाही." त्याने डाव्या हाताने माझे मनगट धरले. बराच वेळ सोडले नाही.

९ फेब्रुवारी

काल काझिमिर म्हणाला, "देऊ की त्याला एक खेप वरची. आपल्या चौघांत कोण तक्रार करणार? डीट्झ?"

मी नको म्हटले. तो मुलगा जेवढा खेळला तेवढाच खेळला. खोटी खेप दिली तर तो त्याचा उन्हाळा राहणार नाही, आपण बनवलेला कुठलातरी होईल. बोलून झाल्यावर मला वाटले, फार कडक बोलले. पण नॉर्व्हल मान हलवत होता. होकाराची. मग त्याने टेबलावर बोटे आपटली आणि म्हणाला, "चार."

आठवड्याभरातला पहिला शब्द. जोलीनला लगेच फोन केला.

१३ फेब्रुवारी

शब्द: चार. चार. चार. (सकाळपासून.) सोबत डाव्या हाताची दोन बोटे टेबलक्लॉथवर चालवतो, मिठाच्या कुपीपासून मिरपुडीच्या कुपीपर्यंत. जोलीन म्हणाली, बोटांचा व्यायाम म्हणूनही उत्तम.

मी अर्थ लावला आहे. चार वाजता चालायला जायचे आहे.

१४ फेब्रुवारी

चार वाजता त्याला दोन स्वेटर, कोट, कानटोपी आणि माझा लोकरी स्कार्फ घालून बाहेर काढले. काठी आणि माझा खांदा. पडवीच्या पायऱ्या, पत्रपेटी, परत. थंडी इतकी की नाकातले केस गोठले. तो निमूट चालला. पत्रपेटीपाशी थांबून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा म्हणाला, "चार." मी म्हटले, "हो, चारच वाजलेत." तेव्हा तो हसायला लागला. थांबेचना. शेवटी मलाही हसू आले, कशाला ते माहीत नाही. शेजारची मिसेस ओट्टो पडद्याआडून बघत होती.

रोज जायचे ठरवले आहे.

२१ फेब्रुवारी

रोज जातो. डावा पाय ओढला जातो आहे. बुटाचा तळ झिजला असावा, नवे बूट मागवले.

आज तपासणी होती. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून बरेच काही सांगितले. मेंदूच्या चित्रांत नवे ठिपके दिसतात म्हणे. वयाने फारच लहान आहे हा डॉक्टर. बोलताना पेनचे टोपण उघडत-मिटत होता. जोलीनला आता शुक्रवारी यायची गरज नाही, असेही म्हणाला. ही प्रगतीच समजते.

येताना मासे खायला थांबलो. नॉर्व्हलला काट्याने जमेना, मी भरवले. आसपासच्या टेबलांवर दुसरी जोडपी होती. मी कुणाकडे पाहिले नाही.

शब्द: चार. मासा. आर्ड. (पुढचे अक्षर आले नाही. माझे नाव आर्डिस आहे.)

१ मार्च, गुरुवार

आज उलगडा झाला आणि मी स्वतःवर रागावले आहे.

खेळताना नॉर्व्हलने पुन्हा सुरू केले. "चार", आणि बोटे मिठापासून मिरपुडीपर्यंत. मी म्हटले, "अजून चार वाजायचे आहेत."

"चार वाजता काय असतं?" काझिमिरने विचारले.

"फिरायला जातो."

"या थंडीत? बाई, मारायचं आहे का त्याला?" तो नॉर्व्हलकडे वळला. "चार काय रे? चार काय?"

नॉर्व्हलने लीलँडच्या पाकिटावर बोट ठेवले. मग बोटे चालवली. मीठ, मिरपूड. न धावता, रमतगमत.

काझिमिरने हातातली कार्डे खाली ठेवली. उठला, फ्रिजपाशी गेला, तिथून खिडकीपर्यंत तसाच रमतगमत गेला आणि उभा राहिला. "पहिला बेस," तो म्हणाला. "चार बॉल. मास्तरीणबाई, तुम्ही चार बॉलच्या खेपा मोजल्यात?"

"सगळ्या मोजल्या. फलंदाजीला उतरला की टिंब."

एलरॉयने डोळे मिटले.

पिचरने चार चेंडू वाईट टाकले तर फलंदाजाला न मारता पहिल्या बेसवर चालत जाता येते. तशी खेप खेळाडूच्या नावावर मोजत नाहीत. बेसबॉलमध्ये ती कधीच मोजत नाहीत, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मला नव्हते. मी गुरुवारी वाचनालयात असे.

आम्ही झालेल्या सामन्यांचे कागद काढले. लीलँड एकदाच तसा चालत गेला होता. म्हणजे त्याची एक खेप शिल्लक आहे. खरी, हक्काची.

"तीन आठवडे," काझिमिर म्हणाला, "तीन आठवडे हा बिचारा ओरडून सांगतोय, आणि तुम्ही त्याला पत्रपेटी दाखवून आणताय."

नॉर्व्हल हसत होता. डोळ्यांतून पाणी येत होते. झटक्यानंतर ते तसे सहज येते, जोलीनने सांगितले आहे. माझेही आले. मला झटका आलेला नाही.

५ मार्च

पुढच्या खोलीत वर-खाली होणारी खाट आणून लावली. जिना टाळलेला बरा. खिडकीतून नदी दिसते, बर्फ कडेने काळा पडू लागला आहे.

शब्द नाहीत. झोप बरीच.

८ मार्च, गुरुवार

शेवटचा सामना, खोक्यांच्या कारखान्याशी. म्हणजे काझिमिरशी.

टेबल खाटेपाशी ओढले. एलरॉयने नॉर्व्हलची दाढी केली, काझिमिरने राईच्या पिठाचा पाव आणला, बूट न सांगता काढले. नॉर्व्हल मधूनमधून झोपत होता. त्याच्या खेपेला मी हात दाबला की डोळे उघडी.

शेवटच्या डावात आम्ही एका धावेने मागे. दोघे बाद, तिसरा बाद झाला की सामना संपला. पुढची खेप नॉर्व्हलच्या कार्डाची.

मी पाकीट उघडले. लीलँडचे कार्ड नॉर्व्हलच्या कार्डावर ठेवले.

"नॉर्व्हलच्या जागी लीलँड," मी म्हटले. खेळताना असे मोठ्याने सांगायचे असते.

"उतरू दे पोराला," काझिमिर म्हणाला. आवाज बसलेला होता. सर्दी झाली असेल.

ही खेप नॉर्व्हलनेच टाकावी म्हणून मी पेला त्याच्या डाव्या हातात दिला. त्याने तो धरला. फासे आत किणकिणले. आधी काझिमिरकडे पाहिले, मग एलरॉयकडे, सावकाश, दोघे बघताहेत याची खात्री करून घेतल्यासारखे. मग पेला माझ्या हातात ठेवला आणि माझी बोटे त्याच्याभोवती एकेक करून मिटली. त्याला बराच वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

"घे," तो म्हणाला.

स्पष्ट. पूर्ण. शब्द बरोबर सापडला होता.

"घेतला," मी म्हटले.

एलरॉयने टोपी काढून मांडीवर ठेवली. घरात टोपी काढायची त्याला सवय नाही.

मी फासे टाकले. लाल एक, पांढरा चार. चौदा. लीलँडच्या कार्डावर बोट फिरवत आले. चौदा: चार बॉल.

नॉर्व्हलने दोन बोटे उचलली आणि पांघरुणावरून चालवली. रमतगमत, पहिल्या बेसपर्यंत. तिथे ती टेकली.

पुढचा खेळाडू बाद झाला. काझिमिर हंगाम जिंकला आणि जिंकल्याचे बोलायला विसरला. बराच वेळ पाव कापत राहिला, आम्हाला लागणार नाही इतका.

"मोजायची नाही ना ती?" मी विचारले. माहीत होते, तरी विचारले.

"नाही मोजायची," एलरॉय म्हणाला. "अजून आहे त्याच्याकडे."

लीलँडच्या कडेचे चुकीचे टिंब मी खोडरबराने पुसले. नवे दिले नाही. ही सगळी व्यवस्था नॉर्व्हलचा हात बरा होईपर्यंतची आहे, हे मी दोघांना स्पष्ट सांगितले. कुणी वाद घातला नाही. एरवी काझिमिर प्रत्येक गोष्टीत वाद घालतो.

आजचे शब्द: घे.

आज आमच्या घरी, काझिमिर व्रोबेल आणि एलरॉय हाउगेन यांच्यासमोर, नॉर्व्हल टोलेफसनकडून मला हातातून हातात मिळाले: चामडी पेला, एक लाल फासा, एक पांढरा फासा, कागदाच्या गिरणीच्या संघाची सगळी कार्डे, त्यांत त्याचे स्वतःचे, आणि लीलँडचे पाकीट. लीलँडची एक खेप शिल्लक.